बेरीज चार, गुणाकार पाच

मला पाहायला पांढुर्ण्याहून जे लोक आले होते, त्यांच्याइतकी मूर्ख माणसं मी पुढे उभ्या जन्मात पाहिली नाहीत, आणि मी उभा जन्म कॉलेजात गणित शिकवण्यात घालवला आहे. वर्गातल्या ढ मुलाला निदान आपण ढ आहोत याची कल्पना असते. हे लोक स्वतःच्या मोटारीने आले, आंबिया बहाराच्या संत्र्यांची टोपली पुढे करून आले, आणि कापडात गुंडाळलेली एक पाटी घेऊन आले. मुलगी पाहायला पाटी! त्या पाटीवर माझं लग्न ठरायचं होतं आणि माझं कॉलेज सुटायचं होतं.

पण आधी बाबांबद्दल सांगायला हवं, कारण गणिताची खोड मला त्यांनीच लावली. ते सौंसरच्या तहसिलीत हिशेबाचे कारकून होते. घरात देव पुष्कळ होते, पण बाबांचा खरा विश्वास एकाच गोष्टीवर, ताळ्यावर. उदाहरण सुटलं की उत्तर उलटं फिरवून मूळ प्रश्नात घालायचं आणि जुळतं का ते पाहायचं, हा ताळा. लहानपणी एकदा माझं उत्तर बरोबर आलं होतं, पण ताळा केला नव्हता, तर त्यांनी मला ताटावरून उठवून परत पाटीपुढे बसवलं होतं. "ताळ्याबिगर उत्तर मंजे नुसतं बोलनं होय," ते म्हणायचे. "अन् ताळा जुळला ना, मंग ब्रह्मदेव आला तरी आयकायचं नाही." हा माणूस साहेबापुढे, सासऱ्यापुढे, अगदी दूधवाल्यापुढेही मान खाली घालून उभा राहतो, हे मला दिसत होतं. तरी ताळ्याच्या बाबतीत तो वाघ आहे अशी माझी समजूत होती.

मॅट्रिक झाल्यावर मला नागपूरला इंटर सायन्सला घातलं, ते काही माझ्या हुशारीमुळे नव्हे. नागपूरला आत्या होती, तिचे गुडघे गेले होते आणि तिला भाकऱ्या थापायला कुणीतरी हवं होतं. कॉलेज ही त्या चाकरीची सबब. सकाळी तिच्या घरचं सगळं आवरून मी चालत कॉलेजात जायची, आणि मला एखाद दिवस उशीर झाला की आत्या शेजारणीला सांगायची, भाचीला शिकवते आहे मी. आत्याविषयी एवढं पुरे.

बीजगणिताचे प्रोफेसर म्हणजे एक वाळलेला, कायम सर्दी झालेला माणूस. एक दिवस त्यांनी फळ्यावर लिहिलं, क्ष वर्ग अधिक एक बरोबर शून्य.

"शाळेत तुम्हाला सांगितलं की हे सुटत नाही," ते म्हणाले. "कारण कुठल्याही संख्येचा वर्ग वजा येत नाही. तीन त्रिक नऊ. वजा तीन गुणिले वजा तीन, तेही नऊच. आता मी सांगतो, अशी एक संख्या धरा की जिचा वर्ग वजा एक आहे. तिला आय म्हणा. पुस्तकात तिला काल्पनिक संख्या म्हटलंय. भांडायचं असेल त्यांनी बाहेर जाऊन भांडा."

मागच्या बाकांवरची मुलं खिदळली. त्यांतली बरीचशी पुढे इंजिनियर झाली आणि पूल बांधून गेली. त्या पुलांवरून जाणाऱ्यांचं देव भलं करो. मी हसले नाही, मी ताळा केला. क्षच्या जागी आय घातला. आयचा वर्ग वजा एक, त्यात एक मिळवला, शून्य. जुळला. मग प्रोफेसरांनी एकच्या जागी नऊ लिहिले. उत्तर तीन आय. त्याचा वर्ग म्हणजे नऊ गुणिले वजा एक, म्हणजे वजा नऊ. त्यात नऊ मिळवले, शून्य. तोही जुळला. मला इतका आनंद झाला की त्या संध्याकाळी आत्याची भाकरी करपली आणि मी बोलणी खाल्ली. जी संख्या बोटांवर मोजता येत नाही, तिचाही ताळा जुळत होता. ताळा जुळला की विषय संपला, हे मी घरूनच शिकून आले होते. दिवाळीत गेले की बाबांना हे दाखवायचं, असं मी ठरवून ठेवलं.

छप्पन सालच्या त्या दिवाळीला मी घरी आले आणि नेमकी त्याच दिवसांत राज्यं नव्याने वाटली गेली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, आणि आमची राजधानी नागपूरची भोपाळ झाली. सौंसर-पांढुर्ण्याच्या पुढारी मंडळींनी त्याआधी बाजाराच्या दिवशी भाषणं ठोकली होती, आपण मराठी माणसं, आपण नागपूरसोबतच जाणार. एक नोव्हेंबर उजाडला आणि सगळे मूग गिळून आपापल्या घरी फराळाला बसले. फराळ संपला तसे त्यांतलेच काही भोपाळला कुणाची ओळख निघते का ते शोधायला लागले. बाबांचंही तेच चाललं होतं. आता आपली बदली कुठेही होईल, बस्तरलासुद्धा, ही भीती त्यांच्या मनात बसली होती. बस्तरचं नाव निघालं की त्यांचा घास हातातच राहायचा. अशात त्यांना आय दाखवायचा राहूनच गेला.

मग एक दिवस त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "नागपूर आता परराज्य झालं, बेटा. परराज्यात पोरीले ठेवनं बरं नाही."

"बाबा, आत्या तीच आहे. गाडीही तीच आहे."

"सरकार बदललं ना पन."

ज्या नागपूरला आम्ही साध्या चपला घ्यायला जायचो, जिथे त्यांची सख्खी बहीण गुडघे धरून बसली होती, ते गाव एका सकाळी परदेश झालं. मला हसावं की रडावं कळेना. खरं कारण आईच्या तोंडून निघालं. पांढुर्ण्याहून स्थळ आलं होतं. घरची संत्र्यांची मोठी बाग, गावात आडत, मुलगा बी.एस्सी. होऊन गणिताचा मास्तर. शिवाय मुलाच्या मामांचा जावई भोपाळच्या नव्या सचिवालयात चिकटला होता. त्या जावयाचा विषय निघाला की बाबांच्या चेहऱ्यावर जो भक्तिभाव उमटायचा, तो मी त्यांच्या देवपूजेतही पाहिला नव्हता. पसंती आली की मार्गशीर्षात लग्न आणि कॉलेज बंद.

हे मामा म्हणजे शाळा तपासणारे साहेब होते, आता निवृत्त. भाच्यासाठी मुलगी पाहायला ते आपली पाटी घेऊन जातात आणि मुलीला गणित घालतात, ही त्यांची ख्याती सगळ्या पंचक्रोशीत होती. लोक कौतुकाने सांगायचे, शिकलेलं घराणं आहे, म्हणून. मोहगावची माझी एक मैत्रीण आदल्या वर्षी त्या पाटीपुढे बसून आली होती. स्थळाची बातमी कळताच ती मला सावध करायला मुद्दाम सौंसरला आली.

"मामा दोन संख्या सांग म्हनतेत," ती म्हणाली. "बेरीज चार, गुनाकार पाच. मी लय डोकं लावलं. दोन अन् दोन घेतले त गुनाकार चार. तीन अन् एक घेतले त तीनच. अडीच अन् दीड घेतले त पावनेचार. पाच काही येऊनच नाही राहिले."

"मग तू काय केलंस?"

"काय करू? थो सवाल सुटतच नाही. सुटू नाही म्हनूनच त घालतेत. आपन 'येत नाही' म्हनायचं अन् मान खाली घालायची. मंग नवरदेव समजावून सांगते, काहून सुटत नाही थे. झाली पोरगी पास."

"आणि जी मान खाली घालत नाही?"

"थे हट्टी हाय म्हनतेत."

ती स्वतः पास झाली होती. पुढे पत्रिका आडवी आली म्हणून वाचली. एखाद्या पदार्थाची कृती सांगावी तसं तिने मला सगळं नीट समजावलं, आणि तिचा हेतू चांगला होता. पण मला त्या लोकांची किळस आली. म्हणजे परीक्षा गणिताची नव्हतीच. मुलगी 'येत नाही' म्हणताना किती गोड दिसते, ते पाहायचं होतं, आणि त्यासाठी एक म्हातारा माणूस पाटी घेऊन गावोगाव हिंडत होता. त्याहून मोठा विनोद असा की तो प्रश्न सुटत होता. शाळा तपासण्यात हयात घालवलेल्या त्या साहेबांना ते माहीत नव्हतं. नागपूरला आम्ही असली समीकरणं सर्दीवाल्या प्रोफेसरांकडे रोज सोडवत होतो.

'येत नाही' म्हटलं असतं तर माझं लग्न ठरलं असतं. सोडवलं असतं तर स्थळ मोडलं असतं, आणि मग बाबा मला परत नागपूरला पाठवतील की घरात बसवतील, हे सांगता येत नव्हतं. माझी भिस्त एकाच गोष्टीवर होती. बाबांपुढे ताळा मांडायचा. जुळलेला ताळा पाहिल्यावर बाबा गप्प बसणार नाहीत, मग समोर भोपाळचा जावई असो की ब्रह्मदेव.

मंडळी आली. मधल्या खोलीत सतरंजी घातली होती. मामा तक्क्याला टेकले. नवरदेव त्यांच्या शेजारी बसला, खिशाला दोन पेनं लावलेला, अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला. मी पोह्यांच्या बश्या फिरवल्या. मामांनी पोहे खाता खाता मला दिडकीचा पाढा म्हणायला लावला, तो मी म्हटला. मग त्यांनी हात पुसले, कापड सोडलं आणि पाटी माझ्यापुढे सरकवली.

"दोन संख्या सांग, बेटा. बेरीज चार, गुनाकार पाच. घाबरू नको. येत नसन त येत नाही म्हन."

नवरदेवाने घसा साफ केला, समजावून सांगायची तयारी म्हणून. दाराआडून आई माझ्याकडे डोळे लावून होती. मी पाटी मांडीवर घेतली. सगळ्यात वर लिहिलं, आयचा वर्ग बरोबर वजा एक. त्याखाली समीकरण मांडलं, क्ष वर्ग वजा चार क्ष अधिक पाच बरोबर शून्य. त्याचं केलं, क्ष वजा दोन, याचा वर्ग बरोबर वजा एक. म्हणजे क्ष वजा दोन हा एक तर आय, नाही तर वजा आय.

"एक संख्या दोन अधिक आय," मी म्हटलं, "आणि दुसरी दोन वजा आय."

आणि खाली ताळा लिहिला. बेरजेत आय आणि वजा आय उडाले, दोन नि दोन चार. गुणाकारात दोनाचा वर्ग चार, त्यातून आयचा वर्ग वजा करायचा. आयचा वर्गच वजा एक, तो वजा केला की अधिक एक. चार नि एक पाच.

मामांनी पाटीकडे न पाहता भाच्याकडे पाहिलं. भाचा बी.एस्सी. होता, हे सगळं त्याने कधीतरी पाठ करून परीक्षेत ओकलेलं असणार. त्याने पाटीवर नजर टाकली, ओठ हलवले आणि म्हणाला, "वजा संख्येचं वर्गमूळ नसते. पुस्तकात आहे." कुठल्या पुस्तकात ते त्याने सांगितलं नाही. सातवीच्या असावं.

"आय?" मामा म्हणाले. "आमची एवढी मोठी बाग हाय, पन आय संत्रं काही पाहन्यात नाही आलं बाप्पा. कोनत्या झाडाले लागते, सांग बरं?"

सगळे हसले. बाबाही हसले.

"वजा संत्रं तरी कुठल्या झाडाला लागतं, मामाजी?" मी म्हटलं. "तरी वजा संख्या तुम्ही शाळाशाळांतून शिकवायला लावल्याच ना. ताळा पाहा तुम्ही."

त्यांच्यातली एक बाई दुसरीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "तोंडाची तिखट दिसून राहिली पोट्टी." नवरदेव आपल्या पेनांशी चाळा करायला लागला. मामा अजूनही पाटीकडे पाहत नव्हते, कारण पाहिलं असतं तर समजून घ्यावं लागलं असतं. मी उठले आणि पाटी बाबांच्या हातात दिली.

"बाबा, तुम्ही पाहा. ताळा पाहा."

बाबांनी पाटी घेतली आणि चष्मा नाकावर खाली ओढला. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत त्यांची नजर सावकाश गेली, आणि पुन्हा वर येऊन पुन्हा खाली गेली. तहसिलीतले आकडे तपासताना हलायचे तसे त्यांचे ओठ हलत होते. मी पुढे आयुष्यात कितीतरी निकालांची वाट पाहिली, पण तशी कधी पाहिली नाही. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, पाटी कोपऱ्यांपर्यंत स्वच्छ पुसली, कापडात गुंडाळली आणि दोन्ही हातांनी मामांपुढे धरली.

"लाडानं बिघडली जी पोरगी," ते म्हणाले. "नागपूरचं पानी लागलं तिले. माफ करा, मामाजी."

बाबांना ते कळलंच नाही, अशी मी माझी समजूत घातली. मॅट्रिकपर्यंत शिकलेला कारकून माणूस, काल्पनिक संख्या त्यांनी जन्मात ऐकली नव्हती, त्यांना एकदम कसं कळणार? चूक माझीच, आधी निवांत बसवून समजावायला हवं होतं. या समजुतीवर मी पुढचे दिवस काढले, आणि ते दिवस वाईट होते.

कारण स्थळ नुसतं मोडलं नाही. मामांनी पांढुर्ण्यात सांगितलं की सौंसरची मुलगी नसलेल्या संख्या बोलते. ती गोष्ट बोरगावात पोचली तोवर मी नसलेल्या माणसांशी बोलत होते, आणि आमच्या गल्लीत आली तेव्हा मला बाहेरचं काहीतरी लागलेलं होतं. ज्या बायकांना माझ्या आईकडून पत्र वाचून घ्यावं लागायचं, त्या आता तिला उतारे सांगायला येऊ लागल्या. आई रडली, मग एका शनिवारी मला जामसांवलीला, बाधा झालेल्यांना नेतात त्या देवळात, घेऊन गेली. आडव्या निजलेल्या मारुतीपुढे मी नारळ ठेवला आणि हात जोडले. त्या दिवसांत माझ्याकडे पाहून तोंड वाकडं न करणारा तेवढाच एक होता. पण आम्हाला तिथे पाहिलेल्या लोकांनी गावात येऊन सांगितलं की पोरीला जामसांवलीला न्यावं लागलं, त्यामुळे कुणाला शंका उरली असेल तर तीही मिटली. त्यानंतर सौंसर, पांढुर्णा, मोहगाव, कुठूनच मला स्थळ आलं नाही.

आता मी घरात अडचण झाले. आणि तेव्हा बाबांना पुन्हा आठवलं की नागपूर परराज्य आहे.

"थ्या राज्यात इथलं कोनाले मालूम पडते?" मी स्वयंपाकघरात असताना ते आईला सांगत होते. "तिथंच शिकू दे तिले. बहिनीलेही आधार होते."

परराज्य म्हणून जे नागपूर बंद झालं होतं, ते परराज्य म्हणूनच उघडलं. बाबांना यात काही विसंगत वाटलं नाही. मीही लगेच वळकटी बांधायला घेतली, न जाणो पुन्हा बंद व्हायचं.

संक्रांत झाल्यावर ते मला सौंसरच्या स्टेशनवर छोट्या गाडीवर सोडायला आले. वळकटी स्वतः उचलून आणली. डब्यात मला खिडकी मिळवून दिली आणि खाली फलाटावर येऊन खिडकीशी उभे राहिले. गाडी सुटायला वेळ होता. ते इकडेतिकडे पाहत राहिले, मग खिडकीचा गज धरून हळूच म्हणाले, "तुह्या त्या दिवशीचा ताळा बरोबर होता, बेटा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "तुम्हाला कळला होता?"

"न कळाले काय झालं? तू वरतं लिहिलंच होतं ना, आयचा वर्ग वजा एक. तेवढं धरलं की खाली सगळं जुळते. बेरीज जुळली, गुनाकार जुळला. मी दोनदा पाहिलं." त्यांचा चेहरा खुलला होता. तहसिलीत एखादा अडलेला हिशेब लागला की खुलायचा तसाच. आपण लेकीला काहीतरी देतो आहोत असं त्यांना वाटत होतं.

"मग पुसलं कशाला, बाबा?"

"जुळला होता म्हनूनच त पुसला," ते मला समजावत म्हणाले. "चुकला असता त राहू देला असता. पन जुळलेला ताळा मामाजीच्या नजरेस पडला असता, त चार लोकांत त्यायची इज्जत गेली असती ना."

गाडीने शिट्टी दिली. त्यांनी आठवणीने सांगितलं, पोचली की पत्र टाक. मी मान हलवली. गाडी हलली तेव्हा ते हात वर करून उभे होते. खांद्यावर तेच उपरणं होतं. मी हात वर केला नाही.

पांढुर्ण्याचे मामा आणि त्यांचा भाचा यांना मी केव्हाच सोडून दिलं. त्यांना येत नव्हतं. बाबांना येत होतं.